‘राँग एफएस टाइप’ परत परत येतं तेव्हा: डिस्कवरची फाइलसिस्टम ओळखतं कोण आणि ओळख चुकते कुठे

लॅमिंग्टन रोडवरून आणलेली वापरलेली हार्ड डिस्क असो, सोसायटीच्या सीसीटीव्हीतून काढलेली असो, की स्टुडिओतून आलेली लग्नाच्या शूटिंगची एक्स्टर्नल ड्राइव्ह. लिनक्सच्या मशीनला लावली की तक्रार बहुतेक वेळा एकाच वाक्यात येते: ‘राँग एफएस टाइप, बॅड ऑप्शन, बॅड सुपरब्लॉक’. मग कुणी नेटवरून उचललेली एफएससीके (फाइलसिस्टम, म्हणजे डिस्कवर फाइली मांडायची रचना, तपासून दुरुस्त करणारी कमांड) चालवतो, कुणी म्हणतो, फॉरमॅट मारून टाक. दोन्ही करण्याआधी दहा मिनिटं थांबा. या एका वाक्यामागे अगदी वेगवेगळी कारणं असतात आणि त्यांतल्या बहुतेकांत डेटा जागच्या जागी शाबूत असतो. चुकीच्या प्रकारची एफएससीके मात्र तो खरोखर बिघडवू शकते.

खाली कमांड उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिल्या आहेत, टर्मिनलमध्ये त्या नेहमीसारख्या रोमन लिपीत, छोट्या अक्षरांत टाकायच्या. डिस्क एसडीबी आहे असं धरलं आहे. तुमच्याकडे ती कुठल्या नावाने आली ते आधी बघा.

ओळख करतं कोण

कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, नाही. माउंट करणं म्हणजे डिस्क वापरासाठी एखाद्या फोल्डरला जोडणं; त्याच्या सिस्टम कॉलला फाइलसिस्टमचं नाव द्यावं लागतं, ते शोधायचं काम माउंट कमांड करते. ‘-टी’ दिलं नाही, किंवा ‘-टी ऑटो’ दिलं, की ती युटिल-लिनक्समधल्या लिबबीएलकेआयडी या लायब्ररीला विचारते. लायब्ररीला काहीच कळलं नाही तर माउंट ‘/ईटीसी/फाइलसिस्टम्स’ आणि ती फाइल नसेल तर ‘/प्रॉक/फाइलसिस्टम्स’ उघडते आणि त्या यादीतली नावं एकेक करून कर्नलपुढे ठेवते. दुसरी यादी तर त्या क्षणी लोड असलेल्या मॉड्यूलांचीच असते, तिच्यावर भिस्त ठेवू नका.

लायब्ररी नाव ठरवते ते ठरावीक जागचे बाइट वाचून. पार्टिशन टेबलमधला टाइप कोड माउंटसाठी जमेस धरला जात नाही, आणि धरून फारसा उपयोगही नसता: एमबीआर या जुन्या पद्धतीच्या पार्टिशन टेबलमध्ये ०७ हा कोड एनटीएफएस आणि एक्सफॅट दोघांचाही आहे. एक्सटी२, एक्सटी३, एक्सटी४ या तिघांची खूण एकच, पार्टिशनच्या सुरुवातीपासून १०८० व्या ऑफसेटवर, म्हणजे तितके बाइट पुढे, ‘५३ ईएफ’ हे दोन बाइट. तिघांतला फरक पुढच्या फीचर फ्लॅगवरून ठरतो. एक्सएफएसची ‘एक्सएफएसबी’ ही अक्षरं ऑफसेट ० वर, एनटीएफएस आणि एक्सफॅटची नावं ऑफसेट ३ वर, बीटीआरएफएसची खूण ६५६०० वर, सीडीच्या आयएसओची ‘सीडी००१’ ३२७६९ वर. लक्सची (डिस्क एन्क्रिप्शनची पद्धत) खूण अगदी सुरुवातीला, एलव्हीएमची (डिस्कची जागा लॉजिकल व्हॉल्यूममध्ये वाटणारी व्यवस्था) सहसा दुसऱ्या सेक्टरमध्ये. रेड म्हणजे अनेक डिस्क मिळून एक म्हणून वापरणं; लिनक्स रेडच्या जुन्या ०.९० मेटाडेटाची आणि इंटेल रेडची खूण डिस्कच्या शेपटाला, तर झेडएफएसच्या चार लेबलांपैकी दोन सुरुवातीला आणि दोन शेवटी.

हे आकडे पाठ करायची गरज नाही. त्यांतून एक गोष्ट घ्या: खुणा वेगवेगळ्या जागी असतात, म्हणून एकाच डिस्कवर दोन-तीन खुणा गुण्यागोविंदाने राहू शकतात. नवा फॉरमॅट जुनी खूण पुसतोच असं नाही, कारण त्याला त्या जागेवर काही लिहायचंच नसतं.

आधी संदेश नीट वाचा

‘अननोन फाइलसिस्टम टाइप’ आणि पुढे अवतरणात एखादं नाव आलं, तर ओळख पटलेली आहे. त्या नावाचा ड्रायव्हर कर्नलकडे नाही, किंवा ते नाव फाइलसिस्टमचं नाहीच. ‘मोअर फाइलसिस्टम्स डिटेक्टेड’ आलं, तर एकापेक्षा जास्त खुणा सापडल्या आणि माउंटने निवड करायला नकार दिला. तो नकार योग्यच आहे. ‘राँग एफएस टाइप’ आलं, तर नाव सापडलं नाही किंवा नाव सापडून ड्रायव्हरने डिस्क नाकारली. या शेवटच्या प्रकारात खरं कारण कर्नलच्या लॉगमध्ये असतं, म्हणून लगेच हे चालवा:

सुडो डीमेसेज | टेल

मग डिस्कवर काहीही न लिहिणाऱ्या तीन कमांड:

एलएसबीएलके -एफ /डेव्ह/एसडीबी
सुडो बीएलकेआयडी -पी /डेव्ह/एसडीबी१
सुडो वाइपएफएस /डेव्ह/एसडीबी१

पहिली यूडेव्हने, म्हणजे लावलेल्या डिव्हाइसांची नोंद ठेवणाऱ्या सेवेने, साठवून ठेवलेली माहिती दाखवते, ती शिळी असू शकते. दुसरीतल्या ‘-पी’मुळे कॅश बाजूला राहतो आणि डिस्क नव्याने वाचली जाते, दोन खुणांमुळे निकाल संदिग्ध असेल तर ही कमांड ८ हा एक्झिट कोड देऊन थांबते. तिसरीचं नाव ऐकून घाबरू नका, ऑप्शनशिवाय ती फक्त सापडलेल्या सगळ्या खुणा ऑफसेटसकट दाखवते. वाइपएफएस पार्टिशनवर चालवून झाली की पूर्ण डिस्कवरही चालवा. एसडीबी आणि एसडीबी१ यांची गल्लत हेच कधी कधी सगळं दुखणं असतं: पार्टिशनऐवजी अख्खी डिस्क माउंट करायला घेतली की ‘राँग एफएस टाइप’ येणारच.

पेन ड्राइव्ह जुन्या इन्स्टॉलरच्या नावाने उघडते

कधीतरी लिनक्सचा इन्स्टॉलर डीडीने (बाइट जसेच्या तसे उतरवणारी कमांड) पेन ड्राइव्हवर चढवलेला असतो. काम झाल्यावर विंडोजवर नवं पार्टिशन करून फॅट३२ने क्विक फॉरमॅट झालेला असतो. विंडोजवर ड्राइव्ह रिकामी आणि ठणठणीत. लिनक्सवर मात्र जुन्या इन्स्टॉलरचं नाव दिसतं, एलएसबीएलकेमध्ये एसडीबीसमोरच आयएसओ९६६० लिहून येतं आणि फाइल कॉपी करायला गेलं की रीड-ओन्ली म्हणून नकार मिळतो.

कारण निव्वळ जागेचं आहे. नवं पार्टिशन टेबल पहिल्या सेक्टरमध्ये बसलं. नवं पार्टिशन २०४८ व्या सेक्टरपासून, म्हणजे १०४८५७६ व्या बाइटपासून सुरू झालं. आयएसओची खूण ३२७६९ वर, दोघांच्या मधल्या मोकळ्या पट्ट्यात. तिथे कुणी लिहिलंच नाही. वाइपएफएस पूर्ण डिस्कवर चालवली की दोन ओळी दिसतात: एक ‘डॉस’, म्हणजे पार्टिशन टेबल, आणि दुसरी आयएसओ९६६०, हेक्समध्ये ८००१ या ऑफसेटवर. पुसायची फक्त दुसरी:

सुडो उमाउंट /डेव्ह/एसडीबी१
सुडो वाइपएफएस --बॅकअप --ऑफसेट ३२७६९ /डेव्ह/एसडीबी

पाच बाइट पुसल्याचं उत्तर येतं: ४३ ४४ ३० ३० ३१. हीच ती ‘सीडी००१’ अक्षरं. ड्राइव्ह काढून परत लावा.

इथे ‘--ऑल’ टाकायचा मोह टाळा. पूर्ण डिस्कवर ‘--ऑल’ दिलं तर पार्टिशन टेबलची खूणही जाते आणि एसडीबी१च नाहीसं होतं. ‘--बॅकअप’मुळे पुसलेले बाइट होम डिरेक्टरीत एका छोट्या फाइलमध्ये राहतात, नावात डिस्क आणि ऑफसेट असतो, सुडोने चालवल्यावर ती बहुधा रूटच्या होममध्ये सापडेल. हात चुकलाच तर डीडीला इनपुट म्हणून ती फाइल, आउटपुट म्हणून डिस्क, ‘बीएस=१’, ‘सीक=’पुढे तोच ऑफसेट आणि ‘कॉन्व्ह=नोट्रंक’ द्या. खूण जशीच्या तशी परत बसते, कारण वाइपएफएस फाइलसिस्टमचा बाकीचा भाग हलवतच नाही.

सेकंडहँड डिस्क आणि शेपटाकडची खूण

ऑफिसच्या सर्व्हरमधून निघालेल्या डिस्क बाजारात येतात तेव्हा विक्रेत्याने क्विक फॉरमॅट करून दिलेल्या असतात. क्विक फॉरमॅट सुरुवातीला लिहितो. जुन्या रेडची खूण शेवटच्या सेक्टरांजवळ तशीच बसलेली असते. मग दोनपैकी एक होतं. एकतर ‘अननोन फाइलसिस्टम टाइप’ म्हणून लिनक्स_रेड_मेंबर किंवा आयएसडब्ल्यू_रेड_मेंबर हे नाव येतं, नाहीतर एसडीबी१ ‘बिझी’ आहे म्हणून माउंट अडतं, कारण बूट होतानाच सिस्टमने त्या एकट्या डिस्कचा अर्धवट अ‍ॅरे, म्हणजे रेडचा डिस्क-संच, बांधायला घेतलेला असतो. दुसरा प्रकार ‘कॅट /प्रॉक/एमडीस्टॅट’मध्ये लगेच दिसतो.

पुढे एक्सटी४ची खूण स्पष्ट असताना लायब्ररी रेडचं नाव का सांगते? रेडची तपासणी आधी होते आणि तशी खूण सापडली की शोध तिथेच थांबतो. हे मुद्दाम तसं केलेलं आहे. मेटाडेटा शेवटी असलेल्या मिररमध्ये, म्हणजे प्रत्येक डिस्कवर तोच डेटा ठेवणाऱ्या रेडमध्ये, आतली फाइलसिस्टम प्रत्येक डिस्कच्या सुरुवातीला जशीच्या तशी दिसते. एकच डिस्क थेट माउंट होऊन तिच्यावर लिहिलं गेलं, तर दोन प्रतींत फरक पडतो आणि तो फरक मिररला कळतही नाही. म्हणून ‘-टी एक्सटी४’ देऊन जबरदस्तीने माउंट करू नका, आधी डिस्क खरंच मिररमधली आहे का ते ठरवा:

सुडो एमडीअ‍ॅडमिन --एग्झॅमिन /डेव्ह/एसडीबी

आतला डेटा हवा असेल तर अ‍ॅरे ‘--असेंबल --रन --रीडओन्ली’ने उभा करा आणि तयार झालेलं एमडी डिव्हाइस माउंट करा. डिस्क निव्वळ विकत घेतलेली आहे, आधीच्या अ‍ॅरेशी तुमचा संबंध नाही, अशी खात्री असेल तर उभा राहिलेला अ‍ॅरे ‘एमडीअ‍ॅडमिन --स्टॉप’ने बंद करा आणि मग ‘--झीरो-सुपरब्लॉक’ वापरा.

झेडएफएसचं वागणं थोडं वेगळं. लायब्ररी तिला रेडमध्ये धरत नाही, त्यामुळे झेडएफएस_मेंबर आणि एक्सटी४ दोन्ही सापडली की ‘मोअर फाइलसिस्टम्स डिटेक्टेड’ येतं. झेडएफएसच्या खुणा एकापेक्षा जास्त असतात, एकेक ऑफसेट देत बसू नका. प्रकार सांगून पुसा:

सुडो वाइपएफएस --बॅकअप --ऑल --टाइप्स झेडएफएस_मेंबर /डेव्ह/एसडीबी१

आमचा आग्रह असा की विकत आणलेली डिस्क कामाला लावण्याआधीच रिकामी करावी. डेटा नको असेल तर आधी प्रत्येक पार्टिशनवर आणि मग पूर्ण डिस्कवर ‘वाइपएफएस --ऑल’, काही सेकंदांचं काम. आधीच्या मालकाच्या फाइलीही जायला हव्यात तर पूर्ण डिस्कवर शून्यं लिहा. सेकंदाला १०० एमबीच्या वेगाने १ टीबीला सुमारे पावणेतीन तास लागतात. दुसऱ्याचे कागदपत्र आपल्या कपाटात नकोत, इतका साधा मुद्दा आहे.

डॉकमध्ये चालते, थेट साटाला लावली की नाही

हा प्रकार सगळ्यांत जास्त घाबरवतो आणि यात डेटाला काहीही झालेलं नसतं. काही यूएसबी डॉक आणि केसिंग आपली डिस्क ४०९६ बाइटच्या लॉजिकल सेक्टरची म्हणून सादर करतात. एमबीआरमध्ये पार्टिशनची सुरुवात सेक्टर क्रमांकाने लिहिलेली असते, बाइटने नाही. समजा तिथे २५६ लिहिलं आहे. डॉकमध्ये २५६ गुणिले ४०९६, म्हणजे बरोबर १०४८५७६ वा बाइट. तीच डिस्क मदरबोर्डला लावली की सेक्टर ५१२चा होतो, २५६ गुणिले ५१२ म्हणजे १३१०७२, आणि लायब्ररी खूण शोधते भलत्याच जागी. तिथे काही नसतं.

ओळखायची खूण सोपी आहे: ‘सुडो एफडिस्क -एल’मध्ये पार्टिशनचा आकार खऱ्या आकाराच्या आठव्या हिश्श्याएवढा दिसतो. टेबल जीपीटी या नव्या पद्धतीचं असेल तर ते दिसतच नाही, कारण त्याचं हेडर ४०९६ व्या बाइटवर आहे आणि शोधलं जातं ५१२ वर. डिस्क परत त्याच डॉकमध्ये घाला, किंवा लूप डिव्हाइसकडून (डिस्कवर उभं केलेलं आभासी डिव्हाइस) जुनं मोजमाप करवून घ्या:

सुडो लॉसेटअप --फाइंड --शो --रीड-ओन्ली --पार्टस्कॅन --सेक्टर-साइझ ४०९६ /डेव्ह/एसडीबी

उत्तरात लूप० आलं तर पार्टिशन लूप०पी१ या नावाने मिळेल, तेच रीड-ओन्ली माउंट करून डेटा उतरवा. विंडोजने अशा डिस्कला ‘इनिशियलाइझ’ करायचं का विचारलं तर नाही म्हणा. आणि केसिंग स्वतःच एन्क्रिप्शन करणारं असेल, तर बाहेर काढलेल्या डिस्कवर कुठलीच खूण सापडणार नाही; ती त्याच केसिंगमधून वाचावी लागेल.

एनटीएफएस: नाव बरोबर, तरी नकार

स्टुडिओच्या ड्राइव्हचं नेहमीचं दुखणं. बीएलकेआयडी एनटीएफएस सांगते, माउंट ‘राँग एफएस टाइप’ म्हणतं. डीमेसेज बघा: एनटीएफएस३ची ओळ असेल, की व्हॉल्यूम ‘डर्टी’ आहे आणि ‘फोर्स’ दिलेलं नाही. ड्राइव्ह ‘सेफली रिमूव्ह’ न करता ओढून काढली, किंवा विंडोज फास्ट स्टार्टअपने अर्धवट झोपवलं, की हा फ्लॅग उभा राहतो. बरोबर उपाय विंडोजवरच आहे: फास्ट स्टार्टअप बंद करा, ड्राइव्हवर ‘चेकडिस्क /एफ’ चालवा, नीट शटडाउन करा. विंडोज जवळ नसेल आणि फक्त फाइली उतरवायच्या असतील तर ‘-ओ आरओ’ देऊन बघा. ‘एनटीएफएसफिक्स --क्लिअर-डर्टी’ फ्लॅग खाली करते, पण ती चेकडिस्कची जागा घेत नाही. एकमेव प्रत असलेल्या शूटिंगवर ‘फोर्स’ तर वापरूच नका.

‘अननोन फाइलसिस्टम टाइप एनटीएफएस’ आलं तर गोष्ट ड्रायव्हरची. एनटीएफएस३ कर्नल ५.१५ पासून, २०२१ मध्ये आला. लायब्ररी नाव ‘एनटीएफएस’ सांगते, म्हणून ‘-टी एनटीएफएस३’ स्वतः लिहून बघा, नाहीतर एनटीएफएस-३जी पॅकेज टाका. एक्सफॅटचंही तसंच: ३२ जीबीच्या वरची एसडीएक्ससी कार्डं एक्सफॅटमध्येच येतात आणि कर्नलमधला आजचा ड्रायव्हर ५.७ पासूनचा, २०२०चा आहे. त्याआधीच्या कर्नलवर एक्सफॅट-फ्यूज लागतं.

नाव फाइलसिस्टमचं नसेल तेव्हा

एलव्हीएम२_मेंबर आलं तर ‘व्हीजीचेंज -एवाय’ चालवून आतलं लॉजिकल व्हॉल्यूम माउंट करा. क्रिप्टो_लक्स आलं तर ‘क्रिप्टसेटअप ओपन’, पासफ्रेज, आणि मग मॅपरमधलं डिव्हाइस. ही डबी आहे, आतली वस्तू वेगळी. डबीला ‘-टी’ लावून काही होत नाही. क्लोन केलेली एक्सएफएस डिस्क मूळ डिस्कसोबत लावली तर ‘डुप्लिकेट यूयूआयडी’ म्हणून अडते (यूयूआयडी म्हणजे फाइलसिस्टमचा ओळख क्रमांक), तेव्हा तात्पुरतं ‘-ओ नोयूयूआयडी’ पुरतं.

सीसीटीव्हीची डिस्क मात्र वेगळी बाब. अनेक डीव्हीआर स्वतःच्या खास रचनेत लिहितात आणि लायब्ररीला ती खूण माहीतच नसते. तिन्ही कमांड गप्प, विंडोज फॉरमॅट करायला सांगतं. सोसायटीत चोरी झाली आणि सेक्रेटरींनी घाईत डिस्क पीसीला लावली, तर त्या खिडकीत ‘हो’ दाबलं जाऊ नये. डिस्क परत त्याच डीव्हीआरमध्ये बसवून त्याच्याच मेनूतून फुटेज यूएसबीवर काढून घ्या.

खूण खरोखरच गेलेली असेल तर

आधी डीमेसेजमध्ये ‘बफर आय/ओ एरर’ आहे का पाहा. पावसाळ्यातल्या दमट हवेत गंजलेला यूएसबी कनेक्टर, सैल केबल किंवा हबमधून अपुरी वीज, यांनीही पहिले सेक्टर वाचता येत नाहीत आणि लायब्ररी गप्प बसते. केबल बदला, हब काढून थेट पोर्टला लावा. तरीही एरर येत राहिल्या तर डिस्क मरते आहे; आणखी प्रयोग न करता प्रतिमा, म्हणजे डिस्कची हुबेहूब प्रत, घ्या:

सुडो डीडीरेस्क्यू --आयडायरेक्ट /डेव्ह/एसडीबी डिस्क.आयएमजी डिस्क.मॅप

पुढचं सगळं या प्रतीवर. डिस्क निरोगी आहे पण सुरुवात चुकून पुसली गेली असेल, तर राखीव प्रती असतात. ४ केबी ब्लॉकच्या एक्सटी४ची पहिली राखीव सुपरब्लॉक (फाइलसिस्टमच्या रचनेची मूळ नोंद) ३२७६८ व्या ब्लॉकवर असते. माउंटला ती १ केबीच्या मापात सांगावी लागते, म्हणून चौपट आकडा:

सुडो माउंट -टी एक्सटी४ -ओ आरओ,नोलोड,एसबी=१३१०७२ /डेव्ह/एसडीबी१ /एमएनटी

‘नोलोड’ विसरू नका. नुसत्या ‘आरओ’ने एक्सटी४ जर्नल (अर्धवट राहिलेल्या बदलांची नोंदवही) परत चालवते, म्हणजे डिस्कवर लिहिते. एक्सएफएसमध्ये त्याच कामाला ‘नोरिकव्हरी’. एनटीएफएसची बूट सेक्टरची प्रत पार्टिशनच्या शेवटच्या सेक्टरमध्ये, फॅट३२ची सहसा ६ क्रमांकाच्या सेक्टरमध्ये, एक्सफॅटची १२ पासून. या परत बसवायला टेस्टडिस्क चांगलं आहे.

एफएसटॅबमध्ये

एफएसटॅब म्हणजे बूट होताना कुठली डिस्क कुठे माउंट करायची याची यादी. तिच्यात कायम बसवलेल्या डिस्कला ‘ऑटो’ नको. यूयूआयडी, खरा प्रकार आणि ‘नोफेल’ लिहा, म्हणजे डिस्क नसली तरी बूट अडणार नाही. ‘ऑटो’ ठेवा फक्त रोज बदलणाऱ्या पेन ड्राइव्हसाठी. डिस्क नव्याने फॉरमॅट केली की यूयूआयडी बदलतो, ती ओळही बदलावी लागते. बदल केल्यावर रीबूट करायच्या आधी ‘सुडो फाइंडएमएनटी --व्हेरिफाय’ चालवा: एफएसटॅबमध्ये एक प्रकार आणि डिस्कवर दुसरा असेल तर ती तसं स्पष्ट सांगते. मग ‘सिस्टमसीटीएल डिमन-रीलोड’ आणि ‘माउंट -ए’.